कॉम्प्युटरचा बस्ता

लग्नाच्या बस्त्याला गेलेल्या बायकांनी शंभर साड्या उलगडायला लावाव्यात, एकेकीचा पदर उजेडात नेऊन बघावा, नाकं मुरडावीत, आणि शेवटी दुकानदाराने आधीच मनात ठरवलेली साडी घेऊन समाधानाने घरी यावं, ही रीत मावळात फार जुनी आहे. कोमल वाघोलेच्या लग्नात ती मोडली असं कुणी म्हणू नये. फक्त साड्यांच्या जागी कॉम्प्युटरचे भाग होते.

कोमल वडिवळ्याची. तळेगावच्या एका कारखान्यात मशीनवरून उतरलेले भाग मापाला बरोबर आहेत की नाहीत, ते तपासायची तिची नोकरी. केसाएवढा फरक दिसला तरी माल बाजूला काढणारी पोरगी. घरात भाजी खारट झाली तर बोलायची नाही, पण भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की उठून सरळ करायची. संध्याकाळी आठ वाजले की ती कानाला हेडफोन लावायची आणि नागपूर, सांगली, नाशिक आणि बार्शी इथल्या चार मुलींबरोबर दहापर्यंत कॉम्प्युटरवर खेळायची. पाच जणी एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला, मध्ये गल्लीबोळ, धूर आणि बंदुका. कुणी कुठून शिरायचं, कुणी दबा धरायचा, हे कोमल सांगायची आणि बाकीच्या तसं करायच्या. अख्ख्या आयुष्यात तिचं इतकं कुणी ऐकलं नव्हतं.

फेब्रुवारीत त्या पाच जणींची मोठी स्पर्धा होती. आणि कोमलचा कॉम्प्युटर म्हणजे कारखान्यातल्या एकाने भंगारात घालायच्या ऐवजी तिच्या गळ्यात मारलेला डबा. ऐन वेळी त्यावरचं चित्र अडखळायचं. समोरचा गोळी झाडून मोकळा झालेला असायचा आणि हिच्या पडद्यावर तो अजून भिंतीआडून डोकावतच असायचा.

अशात तिचं लग्न ठरलं. मुलगा कुसगावचा, संदेश येवले, तिथल्याच एका हॉटेलात रिसेप्शनला. दुसऱ्याच भेटीत कोमलने त्याला सांगून टाकलं, की मला शालू नको, पाच साड्या नकोत, तुमच्याकडून मानपान नको आणि आमच्याकडून कपाट-फ्रीजही नको. सगळ्याचं मिळून एक चांगला कॉम्प्युटर घेऊ. नव्या घरात एक तरी वस्तू अशी असावी, जी मी निवडलेली आहे आणि जी माझी आहे. संदेश "चालेल" म्हणाला. चालेल म्हणणं हा रिसेप्शनवरच्या माणसाचा धर्मच असतो. पैशाचा विषय दोन्ही घरांनी एका बैठकीत मिटवला, त्यात आपण शिरायला नको.

अडलं ते संदेशच्या आईपाशी. सविताबाईंनी कॉम्प्युटरला नाही म्हटलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "घेऊ की. पण बस्त्यासारखं घेऊ. नवरीचं आमी घेणार, तर आमीच निवडणार."

रीतीप्रमाणे त्यांचं काही चुकलं नव्हतं. बस्त्यात नवरीचं मुलाकडचे घेतात आणि नवऱ्याचं मुलीकडचे. ज्याच्यासाठी घ्यायचं त्याने कोपऱ्यात बसायचं, चहा प्यायचा आणि "आवडली का गं?" असं विचारलं की मान हलवायची. ती मान वरून खालीच हलते. डावीकडून उजवीकडे हलवलेली मान पुढे दोन पिढ्या सांगितली जाते.

कोमल चार महिने यादी करत होती. कोणता प्रोसेसर, त्याला कोणता बोर्ड, बोर्डाला कोणती रॅम, सगळ्यांना पुरेल एवढा पॉवर सप्लाय किती ताकदीचा. एक बदललं की दुसरं बदलायचं, कारण यातला कुठलाही भाग एकट्याने सुखाने नांदत नाही. आणि त्या सगळ्या यादीचा जीव होता एका ग्राफिक्स कार्डात. पडद्यावरचं चित्र हे कार्ड काढतं. कार्ड दमदार असेल तर चित्र अडखळत नाही, एवढं समजलं तरी पुढची गोष्ट समजायला पुरे. कोमलने हेरून ठेवलेलं कार्ड तीन पंख्यांचं होतं, दीड वीत लांब, आणि फेब्रुवारीच्या स्पर्धेत उतरायचं तर तेच हवं असं तिच्या मनाने घेतलं होतं. ती झोपायच्या आधी देवाच्या नावाऐवजी त्याचा नंबर म्हणायची असं तिची आई म्हणे. आईचं अर्धंच खरं धरावं.

लोणावळ्याच्या बाजारात इर्शादचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. डाव्या बाजूला चिक्की, उजव्या बाजूला चिक्की, समोरही चिक्कीच. कोमल त्याला चार महिने फोन करून भंडावत होती. आता तिने फोन केला आणि सांगितलं, "इर्शादभाई, मी समोर असेन पण मला बोलता येणार नाही. निवडणार सासूबाई. काय करायचं?"

इर्शादने हा प्रश्न वडिलांपुढे ठेवला. त्याच्या वडिलांचं, फकरुद्दीनचाचांचं, त्याच जागेत पूर्वी कापडाचं दुकान होतं. अर्ध्या मावळाचे बस्ते तिथे बांधले गेले होते. पुढे गिऱ्हाईक पुण्याच्या मोठ्या दुकानांकडे वळलं, इर्शादने फळ्यांवरचं कापड उतरवून कॉम्प्युटर मांडले, पण दुकानाच्या आतल्या अंगाची पांढऱ्या चादरीची गादी आणि तिच्यावरचे लोड त्याला काही हलवता आले नाहीत. कारण त्या गादीवर चाचा बसलेले असत.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "ह्यात काय अवघड हाय?" ते म्हणाले. "दर वेळी तीन काढायचे. पहिले दोन नाकारायला. नाकारल्याबिगर बाईमाणसाला घेतल्यासारखं वाटत न्हाई. तिसरा आपला." सगळी हयात त्यांनी तिसरीच साडी खपवली होती.

तसं ठरलं. दर खेपेला तिसरं खोकं कोमलच्या यादीतलं असणार होतं.

शनिवारी सकाळी अकराला मंडळी दुकानात आली. शनिवारी हॉटेलात पाहुण्यांची झुंबड, त्यामुळे संदेशला सुट्टी नव्हती. सविताबाई एकट्याच आल्या, पण इस्त्रीच्या साडीत आल्या. वडिवळ्याहून कोमल, तिचे वडील अंबाजी आणि अंबाजींची थोरली बहीण रतनबाई. कोमलच्या आईने "मला त्यातलं काय कळतंय" म्हणून अंग काढून घेतलं होतं. रतनबाईंना कळत नसल्याची अडचण आयुष्यात कधी आली नव्हती.

सगळे गादीवर बसले. चहा आला. सविताबाईंनी चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चाचा, माझा बस्ता हितंच बांधला होता."

"मंग? आंब्याच्या रंगाचा शालू होता तुमचा," चाचा म्हणाले. खरं तर त्या साली मावळात निम्म्या नवरीमुलींचा शालू त्याच रंगाचा होता, पण सविताबाई खूश झाल्या.

कोमल कोपऱ्यात लोडाला टेकून बसली. इर्शादने तीन प्रोसेसर मांडले. रतनबाईंनी एक उचलून तळहातावर धरला. "एवढासा? बिस्कीट हाय का काय?"

"आत्या, तोच सगळा विचार करतो," इर्शाद म्हणाला.

"मंग बारीकच असायचा," असं म्हणून त्यांनी तो खाली ठेवला.

सविताबाईंनी पहिला उलटासुलटा करून बाजूला सारला, दुसऱ्याच्या खोक्याचा कोपरा चेपलेला होता म्हणून तोही सारला, आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. "आवडला का गं?" कोमलने मान हलवली. बोर्डाचंही तसंच झालं. तिसऱ्या बोर्डाला कडेने चंदेरी पट्टी होती. रतनबाई म्हणाल्या, जरीसारखी दिसती, असू द्या. रॅम एका खोक्यात दोन-दोन येते हे कळल्यावर तर त्यांनी पहिल्यांदाच समाधानाने सुपारी कातरली. "जोडीनं हाय म्हंजी चांगलं हाय."

अंबाजी या सगळ्यात खोक्यांवरचे आकडे वाचत बसले होते. भाताचं बियाणं घेतानाही ते पिशवीवरचं सगळं वाचत आणि शेवटी दुकानदाराला विचारत. पोरीला हवं ते मिळावं आणि व्याह्यांना बोलायला जागा राहू नये, अशा दोन इच्छा त्यांच्या मनात शेजारी-शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या.

मग कार्डाची पाळी आली. इर्शादने पहिलं दाखवलं, दुसरं दाखवलं. दोन्ही नाकारली गेली. तिसरं खोकं मोठं होतं. त्याने ते अलगद उघडलं, आतला फोम बाजूला केला आणि कोमलचं कार्ड चादरीवर ठेवलं. तीन पंखे, दीड वीत लांब, फोटोत दिसायचं तसंच. कोमलने ते पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहिलं. तिला हात पुढे करायचा होता, पण नवरीचा हात चहाच्या कपाशिवाय कुठे जात नाही.

"काळं?" रतनबाई म्हणाल्या.

आत्तापर्यंत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण चांदण्या रात्रीसुद्धा दिसू नये इतकं ते कार्ड काळं होतं.

"लगनाच्या बस्त्यात काळं घेत्यात व्हय?" रतनबाईंनी विचारलं. "माझ्या उभ्या जन्मात बघितलं न्हाई."

इर्शादने घाईघाईने सांगितलं की हेच कार्ड पांढऱ्यातही येतं. ही त्याची चूक झाली. तो कापडाच्या दुकानात वाढला होता, त्याला कळायला हवं होतं.

"पांढरं?" रतनबाई म्हणाल्या, आणि पुढे बोलायच्या ऐवजी त्यांनी नुसतं स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडे बोट दाखवलं. त्यांना नवरा जाऊन बावीस वर्षं झाली होती.

आता जगातल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून कार्डाला दोनच रंग द्यायचे ठरवले असतील, आणि त्यातला एक संक्रांतीचा नि दुसरा सुतकाचा निघाला, तर त्याला इर्शाद काय करणार? त्याने फळीवरून आणखी एक खोकं काढलं. आत एक गुलाबी कार्ड होतं, गोंडस, दोन पंख्यांचं, ताकदीला दोन पायऱ्या खालचं. ते त्याने कुणा पर्यटकाच्या मुलीसाठी मागवलं होतं आणि पर्यटक परत आला नव्हता. "रंगातलं हे एवढंच आहे," तो कोमलकडे न बघता म्हणाला.

सविताबाईंनी गुलाबी कार्ड उचललं. रतनबाईंचा चेहरा उजळला. "हे बघ, कसं नवरीसारखं हाय."

"आवडलं का गं?" सविताबाईंनी विचारलं.

कोमलची मान हलली नाही. ना वर-खाली, ना डावी-उजवी. ती त्या गुलाबी कार्डाकडे बघत राहिली आणि तिला बार्शीची पोरगी आठवली, जी कालच म्हणाली होती की आता तुझा नवा कॉम्प्युटर आला की आपण कुणाच्या बापाला ऐकत नाही. हो म्हणावं तर चार महिने पाण्यात. नाही म्हणावं तर घरात पाऊल टाकायच्या आधीच तोंडाळ ठरावं. अंबाजी खाकरले. त्या खाकरण्याचा अर्थ घरी तिला नेहमी कळायचा. या वेळी तिने तो कळून घेतला नाही.

चाचा लोडावरून थोडे पुढे सरकले.

"सविताबाई, लगीन मार्गशीर्षात हाय ना? म्हंजी म्हैन्याभरात संक्रांत आली. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनंला काय देत्यात?"

सविताबाई म्हणाल्या, "चंद्रकळा."

"कंच्या रंगाची?"

"काळी."

"कोण देतं?"

"सासू देती," सविताबाई म्हणाल्या आणि गुलाबी कार्ड त्यांच्या हातून आपोआप खाली आलं.

"मंग हे आजच्या बस्त्यातलं नगं समजू. हे संक्रांतीचं. तुमची चंद्रकळा बी हितनंच नेली होती तुमच्या सासूबाईंनी. दोन नाकारल्या, तिसरी घेतली."

रतनबाईंनी यावर बराच विचार केला. रीतीत बसत होतं. काळी चंद्रकळा नेसलेली नवी सून हलव्याचे दागिने घालून हळदीकुंकवाला बसते, तिला कुणी अशुभ म्हणत नाही. उलट ज्या घरची सासू ती देत नाही त्या घराची चर्चा होते. "चंद्रकळंला तीन पंखं," त्या शेवटी म्हणाल्या, "पण असू द्या." त्यांनी बस्त्यासाठी आणलेली कुंकवाची डबी कमरेच्या पिशवीतून काढून सविताबाईंपुढे धरली आणि सविताबाईंनी काळ्या कार्डाच्या खोक्यावर कुंकवाचं बोट टेकवलं.

या वेळी कोमलची मान न विचारता हलली. तिला इतका आनंद झाला की तिने चहाचा दुसराही कप उचलला. आता उरलं होतं फक्त कॅबिनेट, म्हणजे हे सगळे भाग ज्यात बसवायचे ती पेटी. त्यात काही बिघडण्यासारखं नव्हतं.

इर्शाद उठला तशा सविताबाई म्हणाल्या, "थांब रं. ह्या खेपेला तिसरा आधी दाखव."

इर्शाद उभा राहिला तसाच राहिला.

"सकाळपास्नं बघतीय. मलाच दर वेळी तिसरा आवडतोय. माझ्या सासूला बी तिसरी आवडली म्हनं." सविताबाईंनी चाचांकडे बघितलं, मग कोमलकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "पोरीनं सांगून ठेवलंय ना सगळं? मला वाटलंच. मी काय त्यातलं वाचून आलीय व्हय? तिला पाहिजे त्येच घ्यायचं होतं. रीत तेवढी व्हायला पाहिजे."

चाचा इतके हसले की त्यांना ठसका लागला. अंबाजींनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. कोमलला लाजल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी असंही वाटलं की आपल्याला सासू चांगली मिळाली. हे वाटणं दोन-तीन मिनिटं टिकलं.

इर्शादने तिसरं कॅबिनेट आणलं. उंच, ऐसपैस, एका बाजूला काच. सविताबाईंनी वितीने त्याची रुंदी मोजली, मग उंची मोजली.

"बसंल," त्या म्हणाल्या. "हॉलमधलं शोकेस काढून जागा केलीय मी. टीव्हीच्या बाजूला. आल्या-गेल्याला दारातनंच दिसंल."

"हॉलमध्ये?" कोमल म्हणाली. हा तिचा त्या दिवशीचा पहिला शब्द.

"मंग कुटं? एवढी महागाची वस्तू. सगळ्यांना वापराय येईल. शनवार-रविवारी आपल्या मागच्या दोन खोल्या पाव्हण्यांना देतो, त्यांचं बुकिंग त्याच्यावर करता येईल. धाकट्या जावंची पोरं हायेत, त्यांचा अभ्यास असतो. काचंच्या आत दिवं लागत्यात म्हनं, पाव्हणं बी खूश." सविताबाईंनी हे सगळं मनापासून सांगितलं. त्यांनी शोकेस रिकामं करून आतल्या कपबश्या कागदात गुंडाळूनसुद्धा ठेवल्या होत्या.

कोमलने चहाचा कप खाली ठेवला. तिच्या डोळ्यांसमोर तो हॉल आला. संध्याकाळचे आठ. टीव्ही लागलेला. सोफ्यावर पुण्याचे पाहुणे पोहे खातायत. सविताबाईंच्या जावेचा मुलगा माउस धरून बसलाय. आणि नवी सून डोक्यावर पदर घेऊन, कानाला हेडफोन लावून ओरडतेय, मागून ये, मार त्याला. असं कुठल्याच घरात होत नाही. पहिल्या आठवड्यात ती दोन तास बसेल, दुसऱ्या आठवड्यात एक, आणि फेब्रुवारीपर्यंत तो कॉम्प्युटर पाहुण्यांची नावं लिहायचा होईल. तीन पंख्यांचं ते कार्ड पाहुण्यांची नावं अगदी न अडखळता दाखवेल.

भांडायचं म्हटलं तर भांडण कुणाशी होतं? समोरच्या बाईने तिला हवं ते सगळं घेऊन दिलं होतं.

कोमलने डोळ्यांनीच दुकानातल्या सगळ्या फळ्या तपासल्या. ती रोज कारखान्यात हेच करायची. मग ती उठली. बस्त्यात नवरी उठत नाही, म्हणून सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती सगळ्यात खालच्या फळीपाशी गेली आणि तिथून एक छोटं कॅबिनेट उचलून घेऊन आली. बुटांच्या खोक्याहून थोडं मोठं, करड्या रंगाचं, आणि वर धरायला जाड दांडी. ते तिने मोठ्या कॅबिनेटच्या शेजारी ठेवलं.

"हे," ती म्हणाली.

इर्शाद खाली वाकला आणि हळू आवाजात बोलला, पण दुकान एवढं लहान होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "कोमलताई, ह्यात आपला बोर्ड बसत नाही. लहान बोर्ड घ्यावा लागेल. त्याला रॅम दोनच, पुढे वाढवता येणार नाही."

"माहीत आहे."

"आणि कार्ड बसत नाही. तीन पंख्यांचं ह्यात जातच नाही. दोन पंख्यांचं, एक पायरी खालचं घ्यावं लागेल." तो थांबला. "चार महिने तुम्ही त्याच कार्डासाठी..."

"माहीत आहे, इर्शादभाई."

"कोमल, खाली बस," अंबाजी म्हणाले.

ती बसली नाही. सविताबाईंनी लहान कॅबिनेटकडे बघितलं. "एवढंसं? हॉलमधी दिसायचं बी न्हाई."

"मावशी, मला ते हॉलमध्ये ठेवायचं नाही." कोमल उभ्यानेच म्हणाली. "वरच्या खोलीत ठेवायचंय, आमच्या. रोज आठ ते दहा मी दार लावून खेळणार. बुकिंग मी माझ्या फोनवर करून देईन, पोरांचा अभ्यास ती वेळ सोडून कधीही घेईन. पण ते माझं आहे. कुणी हॉलमध्ये नेऊन ठेवलंच, तर मला एकटीला उचलून परत वर नेता आलं पाहिजे. म्हणून दांडीचं."

अंबाजींनी मान खाली घातली. रतनबाईंनी तोंड उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता मिटलं. बाहेर कुणी तरी पर्यटक शेजारच्या दुकानात चॉकलेटची चिक्की आहे का विचारत होता, ते आत स्पष्ट ऐकू आलं.

सविताबाईंनी हात पुढे करून दांडी धरली आणि ते कॅबिनेट गादीवरून वर उचललं. रिकामंच होतं ते. तरी त्यांनी ते थोडा वेळ तसंच धरून ठेवलं.

"मला माह्यारनं शिलाई मशीन दिली होती," त्या म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या ते कळत नव्हतं. "पायाची. सासूबाईंनी ती पडवीत ठिवली. सगळ्यांना दिसंल म्हणून. मंग काय, सगळ्या भावकीची पोलकी, पोरांच्या चड्ड्या, उशांची कव्हरं, समदं माझ्याकडं. मशीन समोर दिसतीय म्हणल्यावर न्हाई कसं म्हणायचं? मला पुण्याला जाऊन ड्रेस शिवायचं शिकायचं होतं. आधी व्हय म्हणाली होती सासू. सव्वीस वर्सं झाली." त्यांनी कॅबिनेट खाली ठेवलं. "ती मशीन लय जड होती. एकटीला हलायची न्हाई."

चाचांनी सविताबाईंसाठी पाणी मागवलं. त्यांनी ते घोटभर प्यायलं, पदराने ओठ टिपले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "वर ठिव. तुमच्या खोलीत. आठ ते धा कुणी येणार न्हाई, मी सांगीन सगळ्यांना."

कोमलला बसावंसं वाटलं. ती बसली.

इर्शाद व्यापारी होता आणि माणूसही बरा होता. त्याने लगेच मोठं कॅबिनेट पुढे ओढलं. "मग आता प्रश्नच मिटला. वरच राहणार असेल तर मोठंच घेऊ. आपलं कार्ड आरामात बसेल त्यात."

कार्ड तिथेच चादरीवर होतं, खोक्यावर कुंकवाचं बोट लावलेलं. कोमलने त्याच्याकडे बघितलं. फेब्रुवारी, बार्शीची पोरगी, न अडखळणारं चित्र, सगळं हाताच्या अंतरावर होतं आणि सासू हो म्हणाली होती. हात नुसता पुढे करायचा होता.

"नको," ती म्हणाली. "दांडीचंच द्या."

"अहो पण का? आता तर मावशीच म्हणतायत."

कोमलला याचं उत्तर येत होतं, पण ते सासूच्या तोंडावर देता येण्यासारखं नव्हतं. ती चादरीची सुरकुती सरळ करत राहिली.

उत्तर सविताबाईंनी दिलं.

"दे तिला त्येच," त्या इर्शादला म्हणाल्या. "मी आत्ता चाचांच्या गादीवर बसलीय, हितं मला समदं आठवतंय. घरी गेल्यावर मी बी सासूच असणार."